गिट म्हणजे काय? ‘फायनल-फायनल’ फोल्डरपासून मी गिट कसं शिकलो, आणि एकदा सहकाऱ्याचं काम कसं उडवलं

डेव्हलपरच्या रोजच्या कामातलं असं एक टूल, जे कॉलेजमध्ये नीट कोणी शिकवत नाही पण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागतं, ते कोणतं असं मला विचारलंत, तर माझं उत्तर एकच आहे : गिट. आजच्या लेखात आपण गिट म्हणजे काय, ते आतून कसं चालतं, रोजच्या कामात कोणत्या कमांड लागतात, चूक झाली तर काम परत कसं मिळवायचं आणि हे सगळं साध्या अँड्रॉइड फोनवर कसं शिकता येतं, ते पाहणार आहोत. सोबत माझ्या पहिल्या नोकरीतला एक किस्सा पण सांगणार आहे. तो आठवला की अजूनही पोटात गोळा येतो.

एक सूचना आधीच देतो. या लेखात मी सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत, सगळ्या लहान लिपीत टाइप करायच्या.

गिटच्या आधी माझं काय चाललं होतं?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चार मित्र मिळून एक प्रोजेक्ट करत होतो. कोड कुठे होता? पेनड्राइव्हवर. फोल्डरची नावं होती ‘प्रोजेक्ट’, ‘प्रोजेक्ट नवीन’, ‘प्रोजेक्ट फायनल’, ‘प्रोजेक्ट फायनल २’ आणि शेवटी ‘प्रोजेक्ट खरंच फायनल’. सबमिशनच्या आदल्या रात्री समजलं की लॉगिनचं पान ‘फायनल’मध्ये चालतंय आणि रिपोर्टचं पान ‘फायनल २’मध्ये. दोन्ही एकत्र चालतील असं फोल्डर कुठेच नव्हतं. पहाटे चारपर्यंत आम्ही दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून एकेक ओळ ताडून पाहत होतो.

तुम्ही कोड लिहीत नसलात तरी हा त्रास ओळखीचा असेल. बायोडेटाच्या पाच फायली, त्यातली नेमकी कोणती पाठवली ते आठवत नाही. गिट हाच प्रश्न सोडवतं. फोल्डर एकच राहतं, पण त्याचा संपूर्ण इतिहास सोबत जपला जातो : कोणी, कधी, काय बदललं आणि का बदललं. अशा टूलला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. गेममध्ये अवघड लेव्हलच्या आधी आपण सेव्ह करतो, हरलो तर तिथून पुन्हा सुरू करतो. गिट म्हणजे कामासाठी असे सेव्ह पॉइंट.

गिट कोणी आणि का बनवलं?

तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे. गिटचा जन्म या लिनक्स कर्नलसाठीच झाला.

लिनक्स बनवणारे लिनस टोरवाल्ड्स आणि जगभरातले कर्नल डेव्हलपर २००२ पासून बिटकीपर नावाचं एक टूल वापरत होते. ते एका कंपनीचं होतं, पण लिनक्सच्या कामासाठी मोफत मिळत होतं. २००५ मध्ये वाद झाला आणि ती मोफत सोय बंद झाली. बाकीची टूल्स कर्नलसारख्या अवाढव्य प्रोजेक्टला पुरी पडणारी नव्हती. मग एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवीन टूल लिहायला घेतलं. काही दिवसांतच, ७ एप्रिल २००५ रोजी, गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला गेला. जून २००५ मध्ये आलेली कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या मदतीने तयार झाली. जुलै २००५ मध्ये गिट सांभाळण्याची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे गेली.

हा इतिहास का सांगितला? कारण गिटचा स्वभाव त्यातून कळतो. हजारो किलोमीटर लांब बसलेली, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एकाच कोडवर काम करणार होती. म्हणून गिटमध्ये प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण इतिहासाची प्रत असते. सर्व्हरवर एक आणि बाकीच्यांकडे फक्त आजच्या फायली, असं नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे माझ्या किश्शात ती कामाला येणार आहे.

गिट आणि गिटहब एकच का?

नाही. हा गोंधळ माझाही होता. गिट हे तुमच्या मशीनवर चालणारं टूल आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. गिटहब ही २००८ मध्ये सुरू झालेली वेबसाइट आहे, जिथे गिटमध्ये ठेवलेलं काम अपलोड करून इतरांसोबत वाटता येतं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती साडेसात अब्ज डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात विकत घेतली. गिटलॅब आणि बिटबकेट या तशाच दुसऱ्या सेवा. सोप्या भाषेत, गिट म्हणजे कॅमेरा आणि गिटहब म्हणजे फोटो ठेवायचा ऑनलाइन अल्बम.

गिट आतून कसं चालतं? लग्नातला ग्रुप फोटो आठवा

मी सुरुवातीला मोठी चूक केली. कमांड पाठ केल्या, पण आत काय घडतं ते समजून घेतलं नाही. तुम्ही तसं करू नका. खरं तर गोष्टी चारच आहेत.

लग्नाचा हॉल डोळ्यासमोर आणा. हॉलमध्ये पाहुणे इकडेतिकडे फिरतायत, कोणी जेवतंय, कोणी गप्पा मारतंय. हे म्हणजे तुमचं चालू फोल्डर. तुम्ही फायली उघडताय, बदलताय.

मग फोटोग्राफर हाक मारतो, ‘नवरीकडचे मामा-मामी स्टेजवर या!’ पुढच्या फोटोत कोण असणार ते इथे ठरतं. गिटमध्येही या जागेचं नाव स्टेजिंग एरिया असंच आहे. ‘गिट ॲड’ ही कमांड म्हणजे फायलीला स्टेजवर बोलावणं.

मग क्लिक! फोटो निघाला. हा कमिट. त्या क्षणी प्रोजेक्ट कसा होता याचं पूर्ण चित्र गिट जपून ठेवतं. त्यासोबत काढणाऱ्याचं नाव, वेळ, तुम्ही लिहिलेला संदेश आणि आधीच्या कमिटचा पत्ता पण असतो. प्रत्येक कमिटला आकडे आणि अक्षरं मिळून सहसा ४० खुणांचा एक क्रमांक मिळतो. तो आतल्या मजकुरावरूनच काढलेला असतो, त्यामुळे मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी क्रमांक वेगळा येतो. रोजच्या कामात या क्रमांकाच्या पहिल्या सात-आठ खुणा लिहिल्या तरी भागतं.

चौथी गोष्ट ब्रँच. ब्रँच म्हणजे कोडची दुसरी कॉपी, असं मी वर्षभर समजत होतो. ते चूक आहे. ब्रँच म्हणजे फक्त एक चिठ्ठी, जिच्यावर एका कमिटचा क्रमांक लिहिलाय. नवीन कमिट केला की चिठ्ठी उचलून त्या नवीन कमिटवर चिकटवली जाते. बस, एवढंच. म्हणून गिटमध्ये ब्रँच बनवायला क्षणही लागत नाही. आणि म्हणूनच चिठ्ठी चुकीच्या जागी चिकटली तर खालचे फोटो लगेच फाटत नाहीत. ते अल्बममध्येच असतात, फक्त त्यांच्याकडे बोट दाखवणारी चिठ्ठी उरत नाही.

हे शेवटचं वाक्य मला वेळेत माहीत असतं, तर पुढचा दिवस जरा बरा गेला असता.

ज्या दिवशी मी सहकाऱ्याचं काम उडवलं

पुण्यात माझी पहिली नोकरी, सहा महिने झाले होते. मी आणि माझा एक सहकारी पेमेंटच्या पानावर एकाच ब्रँचवर काम करत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ग्राहकासमोर डेमो होता. सहकाऱ्याने आपलं काम संपवलं, सर्व्हरवर चढवलं आणि दुपारी साडेतीनच्या ट्रॅव्हल्सने लातूरला निघाला, बहिणीच्या साखरपुड्याला.

चारच्या सुमारास मी माझं काम पुश करायला गेलो. गिटने नकार दिला. संदेशाचा अर्थ साधा होता : सर्व्हरवर असं काही काम आहे जे तुझ्याकडे नाही, आधी ते घे. पण मी संदेश वाचलाच नाही. लाल अक्षरं दिसली, घाई होती. इंटरनेटवर शोधलं, कोणीतरी दिलेली एक ओळ मिळाली, ती कॉपी-पेस्ट केली. त्या ओळीच्या शेवटी दोन हायफन आणि ‘फोर्स’ असा शब्द होता.

पुश झाला. मला हायसं वाटलं. दहा मिनिटांनी टेस्टिंगवाल्या मुलाने विचारलं, ‘अरे, रिफंडचं बटण कुठे गेलं?’

मी ब्रँचचा इतिहास उघडला. सहकाऱ्याचे दोन दिवसांचे सात कमिट त्यात नव्हते. फोर्सचा अर्थ असा असतो : सर्व्हरवर काय आहे ते बघू नको, चिठ्ठी उचल आणि माझ्या कमिटवर चिकटव. मी नेमकं तेच केलं होतं.

सहकाऱ्याला फोन लावला, स्विच ऑफ. खरं सांगतो, पहिले पाच मिनिटं माझ्या मनात एकच विचार होता, कोणाला कळायच्या आत हे निस्तरता येईल का? मी आणखी दोन कमांड शोधल्या पण. नशीब, त्या चालवायच्या आधी थांबलो आणि आमच्या टीममधल्या सीनियरकडे गेलो. तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो.

मी म्हटलं, ‘ताई, मी फोर्स पुश केला. त्याचं सगळं काम गेलं.’

तिने पहिला प्रश्न विचारला, ‘त्यानंतर तू काही चालवलंस का?’

‘नाही.’

‘मग बस इथे. आज सकाळी तू फेच केलं होतंस ना?’

केलं होतं. फेच म्हणजे सर्व्हरवरचं नवीन काम आपल्या मशीनवर आणून ठेवणं, आपल्या कामात न मिसळता. सकाळी दहाला मी फेच केलं, नंतर चहाला गेलो आणि ते काम माझ्या कोडमध्ये मिसळायचं राहूनच गेलं. पण सहकाऱ्याचे तोपर्यंतचे सहा कमिट माझ्या लॅपटॉपवर आलेले होते.

ताईने टाइप केलं, ‘गिट रिफ्लॉग शो’ आणि पुढे सर्व्हरवरच्या ब्रँचचं नाव. पडद्यावर त्या चिठ्ठीची डायरी आली : ती आत्ता कुठे आहे, त्याआधी कुठे होती. वरच्या ओळीत माझा फोर्स पुश. त्याखालच्या ओळीत सकाळचं फेच आणि सहाव्या कमिटचा क्रमांक. तिने त्या क्रमांकावर ‘बचाव’ नावाची नवीन ब्रँच बनवली. सहाही कमिट जसेच्या तसे समोर. मला रडू यायचं बाकी होतं.

सातवा कमिट मात्र माझ्याकडे नव्हता. तो सहकाऱ्याने निघण्याआधी दुपारी पुश केला होता, माझ्या फेचनंतर. तो फक्त त्याच्या लॅपटॉपवर होता. रात्री आठच्या सुमारास इंदापूरच्या पुढे गाडी जेवणाला थांबली, त्याने फोन चार्ज करून चालू केला आणि माझे अकरा मिस्ड कॉल पाहून फोन केला. मी सगळं खरं सांगितलं. दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, ‘साखरपुडा माझ्या बहिणीचा आहे, आणि टेन्शन तू घेतलंयस.’ त्याने ढाब्यावरच लॅपटॉप उघडला, मोबाईलचा हॉटस्पॉट लावला आणि आपलं काम एका नवीन ब्रँचवर चढवलं. रात्री साडेदहापर्यंत ताईने आणि मी मिळून सगळं जुळवलं. सकाळी डेमो झाला.

या प्रसंगातून काय शिकायचं?

पहिलं, कमिट केलेलं काम सहजासहजी जात नाही. रिफ्लॉग ही तुमच्या मशीनवरची डायरी आहे. ब्रँच जिथून जिथून फिरली ते सगळं तिच्यात असतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये या नोंदी ९० दिवस राहतात. कोणत्याच ब्रँचमधून पोहोचता येत नाही अशा कमिटच्या नोंदी ३० दिवस. मोबाईलच्या गॅलरीतून डिलीट केलेला फोटो काही दिवस ट्रॅशमध्ये असतो, तसंच. मात्र ही डायरी फक्त त्या त्या मशीनपुरती असते, ती सर्व्हरवर जात नाही आणि दुसऱ्याच्या मशीनवरही येत नाही.

दुसरं, कमिट न केलेलं काम मात्र जातं. ज्या बदलांना गिटने कधी पाहिलंच नाही, ते गिट परत आणणार कुठून? म्हणून छोटे छोटे कमिट करा. मी आता जेवायला उठण्याआधी पण कमिट करतो.

तिसरं, लाल अक्षरं वाचा. गिटचे संदेश रुक्ष असतात, पण बहुतेक वेळा पुढे काय करायचं ते त्यातच लिहिलेलं असतं. मी ते वाचलं असतं तर हा किस्साच घडला नसता.

चौथं, फोर्स करायची खरोखर वेळ आली तर साध्या फोर्सऐवजी ‘फोर्स विथ लीज’ वापरा (शब्दांच्या मध्ये हायफन). सर्व्हरवरची ब्रँच तुम्ही शेवटची पाहिली तिथेच आहे का, हे ते आधी तपासतं. माझ्या बाबतीत सातवा कमिट फेचनंतर आला होता, त्यामुळे मी तिथेच अडलो असतो. पण हा रामबाण उपाय नाही. तो सातवा कमिट नसता, तर सकाळच्या फेचमुळे गिटला वाटलं असतं की मी सगळं पाहिलंय, आणि सहा कमिट तरीही उडाले असते. एकाच ब्रँचवर दोघं काम करत असाल तर फोर्स न करणंच उत्तम.

पाचवं, चूक झाली की हात बाजूला घ्या आणि लगेच सांगा. घाबरून चालवलेली दुसरी-तिसरी कमांड अनेकदा पहिल्या चुकीपेक्षा जास्त नुकसान करते. पाच मिनिटं लपवायचा विचार मी केला, तीच त्या दिवसातली माझी खरी चूक होती असं मला वाटतं.

रोज लागणाऱ्या कमांड

गिटच्या कमांड शेकडो आहेत, पण रोजच्या कामाला एवढ्या पुरतात :

- गिट इनिट : चालू फोल्डरमध्ये गिट सुरू करणं.
- गिट क्लोन : दुसऱ्या ठिकाणचा प्रोजेक्ट पूर्ण इतिहासासकट उतरवणं.
- गिट स्टेटस : आत्ता काय परिस्थिती आहे? काहीही करण्याआधी आणि केल्यावर हीच कमांड चालवा. हिने काहीही बिघडत नाही.
- गिट डिफ : नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या ते दाखवते.
- गिट ॲड : फायलीला स्टेजवर बोलावणं.
- गिट कमिट : फोटो काढणं. पुढे एक हायफन, ‘एम’ आणि अवतरणात संदेश लिहायचा.
- गिट लॉग : आजवरचे सगळे कमिट.
- गिट स्विच : दुसऱ्या ब्रँचवर जाणं. जुन्या व्हिडिओंमध्ये यासाठी ‘गिट चेकआउट’ दिसेल, ती अजूनही चालते. स्विच ही २०१९ च्या २.२३ आवृत्तीत आली.
- गिट मर्ज : दोन ब्रँचचं काम एकत्र करणं.
- गिट फेच, पुल, पुश : फेच आणून ठेवतं, पुल आणून मिसळतं, पुश आपलं काम सर्व्हरवर चढवतं.
- गिट रिव्हर्ट : जुन्या कमिटचा परिणाम रद्द करणारा नवीन कमिट करणं. इतरांपर्यंत गेलेली चूक सुधारायला हाच सुरक्षित मार्ग, कारण इतिहास पुसला जात नाही.

‘गिट रिसेट’ सोबत ‘हार्ड’ हा शब्द लावताना मात्र दहा वेळा विचार करा. गिटच्या देखरेखीखालच्या फायलींमधले कमिट न केलेले बदल तो पुसून टाकतो.

नवीन माणूस हमखास जिथे अडकतो अशा जागा

१. विम एडिटर. कमिट करताना संदेश द्यायला विसरलात तर अनेक मशीनवर विम नावाचा एडिटर उघडतो आणि बाहेर कसं पडायचं ते कळत नाही. मी पहिल्यांदा सरळ खिडकीच बंद केली होती. उपाय : एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह टाइप करून एंटर.

२. कॉन्फ्लिक्ट. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळा बदल केला तर कोणाचं ठेवायचं ते गिट ठरवत नाही. ते फायलीतच बाणांच्या आणि बरोबरच्या चिन्हांच्या रांगा टाकून दोन्ही मजकूर समोर ठेवतं. ही एरर नाही, हा प्रश्न आहे. हवा तो मजकूर ठेवा, चिन्हांच्या रांगा काढा, ॲड करा, कमिट करा. गोंधळ झालाच तर ‘गिट मर्ज’ पुढे दोन हायफन आणि ‘अबॉर्ट’ लिहून मर्ज सोडून देता येतं.

३. पासवर्ड चालत नाही. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबवर कमांडने पुश करताना खात्याचा पासवर्ड चालत नाही. टोकन किंवा एसएसएच की लागते. जुना व्हिडिओ बघून शिकत असाल तर इथे हमखास अडाल. चूक तुमची नाही.

४. गुपितं कमिट होणं. पासवर्ड किंवा एखाद्या सेवेची की कोडमध्ये लिहून सार्वजनिक रेपोवर चढवली, तर नंतर फाइल डिलीट करून उपयोग नाही. इतिहासात ती राहतेच, आणि अशा की शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर आहेत. पहिलं काम : ती की ताबडतोब रद्द करून नवीन घ्या. आणि जी फाइल चढवायचीच नाही तिचं नाव आधीच ‘डॉट गिटइग्नोर’ या फायलीत लिहून ठेवा.

५. मराठी नावं विचित्र दिसणं. कमिटचा संदेश मराठीत लिहिता येतो, काही अडचण नाही. पण फाइलचं नाव मराठीत असेल तर ‘गिट स्टेटस’मध्ये तिरप्या रेघा आणि आकडे दिसतात. फाइल खराब झालेली नसते. सेटिंगमधला ‘कोअर डॉट कोटपाथ’ हा पर्याय ‘फॉल्स’ करा, नाव नीट दिसेल.

लॅपटॉप नाही, फोनवर शिकता येईल का?

हो, आणि छान शिकता येईल. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं मोफत ॲप आहे, ते एफ-ड्रॉइडवरून घ्या. ते उघडून ‘पीकेजी इन्स्टॉल गिट’ असं टाइप केलं की गिट बसतं. त्यानंतर हा एक तासाचा सराव करा :

१. ‘एमकेडीआयआर सराव’ लिहून फोल्डर बनवा (इथे ‘सराव’ हे नाव पण इंग्रजी अक्षरांत), ‘सीडी सराव’ने आत जा, ‘गिट इनिट’ करा.
२. गिटला तुमचं नाव आणि ईमेल सांगा. ‘गिट कॉन्फिग’ पुढे दोन हायफन आणि ‘ग्लोबल’, मग ‘युजर डॉट नेम’ आणि अवतरणात नाव. तसंच ‘युजर डॉट ईमेल’साठी. हे केल्याशिवाय कमिट होत नाही. हा ईमेल प्रत्येक कमिटमध्ये नोंदला जातो, म्हणून सार्वजनिक कामासाठी गिटहब देतं तो खासगी नोरिप्लाय पत्ता वापरा.
३. एक फाइल बनवून तिच्यात घरच्या किराणा मालाची यादी लिहा. ॲड करा, कमिट करा.
४. यादीत दोन बदल करा, प्रत्येक बदलाचा वेगळा कमिट.
५. आता मुद्दाम बिघडवा. ‘गिट रिसेट’ हार्ड करून दोन कमिट मागे जा. यादी जुनी झालेली दिसेल.
६. ‘गिट रिफ्लॉग’ चालवा, हरवलेल्या कमिटचा क्रमांक शोधा, ‘गिट ब्रँच बचाव’ आणि पुढे तो क्रमांक लिहून ब्रँच बनवा. ‘गिट स्विच बचाव’ केलं की यादी परत!

पाचवी आणि सहावी पायरी चुकवू नका. आग लागल्यावर अग्निशामक नळकांडं कसं उघडायचं ते शिकत बसलं, तर काय उपयोग? बिघडवून दुरुस्त करायचा सराव आधीच झाला असेल तर खऱ्या वेळी हात थरथरत नाहीत. आता कोणतंही नवीन टूल शिकताना मी हेच करतो. आधी खोटा प्रोजेक्ट घेतो, तो मुद्दाम मोडतो, मग जोडतो.

काही नेहमीचे प्रश्न

गिट फक्त कोडसाठीच आहे का? नाही. साधा मजकूर असलेली कोणतीही गोष्ट चालते, नोट्स असोत, कथा असो की हिशोब. फोटो-व्हिडिओ ठेवता येतात, पण त्यात नेमकं काय बदललं ते गिट नीट दाखवू शकत नाही आणि रेपो फुगतो.

कमिटचा संदेश कसा लिहावा? ‘बदल केले’ असं लिहू नका, बदल केले हे तर दिसतंच. का केले ते लिहा. सहा महिन्यांनी तो वाचणारे बहुतेक तुम्हीच असता.

एआय कोड लिहून देतं, मग गिट कशाला शिकायचं? उलट आता जास्त गरज आहे. एआय टूल एका झटक्यात दहा फायली बदलतं. त्याला काम सांगण्याआधी मी कमिट करतो, आणि नंतर ‘गिट डिफ’ने एकेक ओळ वाचतो. पटलं नाही तर मागे जातो.

किती दिवसांत येईल? रोजच्या कमांड आठवडाभरात हाताखाली बसतील. बाकीचं अडेल तसं शिकायचं. मी अजूनही शिकतोय.

त्या डेमोनंतर मी ‘बचाव’ ही ब्रँच माझ्या लॅपटॉपवरून कितीतरी दिवस काढली नाही. तिचा काही उपयोग नव्हता, पण फोर्स टाइप करायला हात गेला की ती यादीत दिसायची. पुढच्या वर्षी टीममध्ये एक नवीन मुलगी आली. एके दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, ‘दादा, माझ्या हातून काहीतरी गेलंय.’ मी खुर्ची सरकवली आणि पहिला प्रश्न तोच विचारला, ‘त्यानंतर तू काही चालवलंस का?’